घरच्या लोखंडकामासाठी व्हाइस: कुठला घ्यावा आणि टेबलाला पक्का कसा बसवावा?

नवशिका_कारागीर (चिंचवड) | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आमच्या घरामागे आठ बाय पाच फुटांची पडवी आहे. लॉकडाउनमध्ये तिथे सायकल दुरुस्त करायला सुरुवात केली आणि हळूहळू लोखंडकामाची गोडी लागली. फाटकाची कडी, कुंड्यांचे स्टँड, सायकलचे कॅरिअर अशी कामं करतो. कापणं, कानस मारणं, वाकवणं, टॅप-डाय फिरवणं एवढंच. वेल्डिंग गल्लीतल्या वर्कशॉपवाल्याकडून करून घेतो.

गेल्या रविवारी जे झालं त्यामुळे हा धागा काढतोय. माझ्याकडे चार इंची (जबड्याच्या रुंदीने), खाली फिरणारा बेस असलेला व्हाइस, म्हणजे दोन जबड्यांत काम घट्ट धरणारा शिकंजा, होता. मुलीच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर चार लाकडी स्क्रूंनी बसवला होता. टेबलाचा वरचा तक्ता १८ मिलिमीटर प्लायचा. २५ × ६ मिलिमीटरचा फ्लॅट (लोखंडी पट्टी) व्हाइसमध्ये धरून, वर पाइप घालून वाकवत होतो. दुसऱ्यांदा जोर लावला आणि चारही स्क्रू प्लायच्या पापुद्र्यांसकट वर आले. दहा किलोचं धूड माझ्या उजव्या पायापासून चार बोटांवर पडलं. फरशी फुटली, व्हाइसच्या बेसला चीर गेली. पाय वाचला. मुलगी दारातच उभी होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता नवा घ्यायचाच आहे. चार इंची पुरेल की सहा इंची घेऊ? फिरणारा की पक्का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बसवू कसा? टेबल धरून एकूण दहा हजारांत बसायला हवं.

जुना_फिटर (पिंपरी) | रविवार, सकाळी ६:५५

पाय वाचला हे फार बरं झालं. आता नीट वाचा, थोडं लांब लिहितो.

मी आयटीआयला फिटर ट्रेड केला. पहिले कित्येक आठवडे आम्हाला एकच काम होतं: लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि गुण्यात (काटकोनात) येईपर्यंत कानस मारायची. पण निदेशकांनी पहिल्या दिवशी कानस हातात दिलीच नाही. आधी उंची दाखवली. व्हाइससमोर सरळ उभं राहायचं, मूठ हनुवटीखाली धरायची. कोपर जबड्याच्या वरच्या कडेला टेकलं तर उंची बरोबर. जबडा खाली असेल तर कंबर जाते. वर असेल तर खांदे भरून येतात आणि कानस सपाट न चालता डोलते, मग कामाला मधोमध पोट येतं. तुमची उंची साडेपाच फुटांच्या आसपास असेल तर जबड्याची वरची कड जमिनीपासून साधारण एक मीटर पाच-सहा सेंटिमीटरवर येईल. आधी व्हाइस घ्या, त्याची उंची मोजा, ती वजा करा, मग टेबलाचे पाय कापा. लोक नेमकं उलटं करतात आणि नंतर पायांखाली विटा लावतात.

आता जोराचा हिशोब. व्हाइसचा दांडा मध्यापासून २०० मिलिमीटर धरा आणि स्क्रूचा पिच ५ मिलिमीटर. एका फेरीत तुमचा हात जवळजवळ १२५७ मिलिमीटर फिरतो आणि जबडा फक्त ५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे अडीचशेपट. हाताने २० किलोचा जोर लावला आणि घर्षणात बहुतेक सगळा वाया जाऊन पाचवा हिस्साच उरला, तरी जबड्यात हजार किलो दाब येतो. म्हणून दांड्याला पाइप लावायची गरज नसते आणि लावूही नये. दांड्याची लांबी माणसाच्या हाताच्या ताकदीवरून ठरवलेली असते. पाइप लावून पिळलं की कधी दांडा वाकतो, कधी आतला नट फुटतो. दांडा नुसता वाकला तर स्वस्तात सुटलात.

हा दाब व्हाइसच्या आतल्या आत राहतो, टेबलापर्यंत तो येत नाही. टेबलाला मारतो तो तुमचा ओढा. जमिनीपासून एक मीटरवर ३० किलोने ओढलंत, तर पुढच्या पायांभोवती टेबल उलटवणारा जोर सुमारे तीस होतो (किलो गुणिले मीटर). तुमचं टेबल दोन फूट रुंद आणि व्हाइससकट ४० किलोचं असेल तर त्याचा प्रतिकार बारा (४० किलो गुणिले निम्मी रुंदी, ०.३ मीटर). म्हणजे स्क्रू निघाले नसते तर आख्खं टेबल अंगावर आलं असतं. रविवारी चूक व्हाइसची नव्हतीच.

म्हणून माझं मत ठाम आहे. दहा हजारांतले सहा-साडेसहा हजार टेबलावर आणि बोल्टवर घाला, उरलेल्यात व्हाइस. लोक सगळा पैसा व्हाइसवर घालवतात आणि तो खुर्चीइतक्या हलक्या टेबलावर बसवतात.

बसवायची पद्धत:

लाकडी स्क्रू नाही, कोच स्क्रूही (जाड, षटकोनी डोक्याचा लाकडी स्क्रू) नाही. आरपार बोल्ट. चार इंचीला बहुधा एम१० (१० मिलिमीटर जाडीचा) जातो, पाच-सहा इंचीला एम१२. बेसच्या भोकात घालून बघा, जो ढिला न होता जाईल तो घ्या. ८.८ शिक्क्याचे (हा ताकदीचा दर्जा) घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. तक्त्याखाली नुसता वॉशर लावू नका, तो प्लायमध्ये रुततो. बेसपेक्षा थोडी मोठी, ६ मिलिमीटरची प्लेट खाली घाला आणि चारही बोल्ट तिच्यातून काढा. खाली नायलॉकचा नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा). दोन आठवड्यांनी पाना लावून पुन्हा आवळा, कारण प्लाय दबतो.

व्हाइस टेबलाच्या पायावर घ्या, दोन पायांच्या मधे नको. मधे घेतला तर घणाचा प्रत्येक घाव तक्ता झुलवण्यात जातो.

आणि स्थिर जबड्याची आतली बाजू टेबलाच्या कडेच्या किंचित पुढे आली पाहिजे. चार फुटी सळई उभी धरायची असेल तर ती कडेवरून सरळ खाली जमिनीपर्यंत गेली पाहिजे. एक सेंटिमीटर मागे बसवलात तर ती अडचण रोजची होते.

उद्यमनगर (कोल्हापूर) | रविवार, सकाळी ९:१०

काकांनी टेबलाचं सांगितलं, मी ओतकामाचं सांगतो. आमचं घर तीन पिढ्यांपासून फाउंड्रीत आहे.

बाजारातले बहुतेक स्वस्त व्हाइस बिडाचे, म्हणजे साध्या ओतीव लोखंडाचे. बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं. दाबाला ते उत्तम, कंपनंही छान पितं, म्हणून कानस मारताना बिडाचा व्हाइस शांत वाटतो. पण ओढ लागली किंवा फटका बसला की त्याच पापुद्र्यांवरून चीर धावते. एफजी २०० ग्रेडचं बीड चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन ताण घेतं आणि वाकायच्या आधीच तुटतं. एसजी आयर्नमध्ये हेच ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं. एसजी ४००/१५ म्हणजे ४०० न्यूटन, आणि तुटायच्या आधी १५ टक्के लांबतं. म्हणून ठोकाठोकी जास्त असेल तर एसजीचा किंवा ओतीव पोलादाचा व्हाइस बघा. नुसती कानस आणि करवत असेल तर चांगल्या बिडाचा व्हाइस तुमच्या मुलीच्या मुलांपर्यंत चालतो.

आपल्याकडे विकले जाणारे पुष्कळ व्हाइस जालंधर-लुधियाना भागातून येतात. तिथे एकाच गल्लीत उत्तम माल निघतो आणि कामचलाऊही. नावापेक्षा माल बघायला शिका. दुकानात मी काय बघतो ते सांगतो.

रंग जाड आणि तुकतुकीत असेल तर संशय घ्या. ओतकामात हवेची भोकं राहिली की त्यात लांबी (पुट्टी) भरतात आणि वर रंग मारतात. नखाने किंवा किल्लीने बेसची खालची बाजू खरवडा, तिथे रंग पातळ असतो. भुगा पांढरट निघाला तर ती लांबी. लोखंडाचा कण काळसर निघतो.

जबडे पूर्ण उघडा. सरकता जबडा दोन्ही हातांनी धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. थोडा खेळ असतोच, पण खडखड आवाज येत असेल तर ठेवून द्या. मग वर्तमानपत्राची चिंधी घेऊन जबडे हलकेच मिटा आणि चारही कोपऱ्यांत एकेकदा ओढून बघा. वरच्या दोन कोपऱ्यांत कागद अडकला आणि खालून निसटला तर चालेल, जोर लावला की वरची बाजू थोडी उघडतेच. डावीकडे अडकला आणि उजवीकडे निसटला तर तो घेऊ नका.

जबड्यांच्या पट्ट्या कडक पोलादाच्या हव्यात आणि स्क्रूने बसवलेल्या, म्हणजे झिजल्या की बदलता येतात. जुनी कानस कोपऱ्यावर फिरवा. ती घसरली पाहिजे. चावली तर पट्टी मऊ आहे. व्हाइससाठी आयएस २५८६ हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख असेल तर बरं, पण तरी हाताने तपासा.

मापाबद्दल: तुमच्या कामाला चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर, पुरतो. जागा आणि टेबल भक्कम असेल तर पाच इंची घ्या. सहा इंचीचं वजन वीस किलोच्या वर जातं, आठ बाय पाचच्या पडवीत त्याचं काय करणार?

नवशिका_कारागीर | रविवार, दुपारी १:३०

काका, दादा, मनापासून आभार. तो हिशोब वहीत उतरवून घेतला. बारा विरुद्ध तीस वाचलं तेव्हा जेवण सुचेना.

दोन शंका. पडवीला टाइल्स आहेत, खाली बोल्ट मारले तर फुटतील. भिंत विटांची आहे, वर गिलावा. भिंतीला टेबल अँकर फास्टनरने बांधलं तर?

जुना_फिटर | रविवार, दुपारी ४:०५

विटेच्या भिंतीत फुगणारा अँकर लावू नका. काँक्रीटमध्ये तो धरतो, कारण काँक्रीट फुगण्याला विरोध करतं. वीट फुटते. आज घट्ट वाटेल, महिन्याभराच्या धक्क्यांनी बोटाने बाहेर येईल. कॉलम किंवा बीम हाताशी असेल तरच भिंतीचा विचार करा.

टाइल्सना हात लावू नका. वजन घाला. अँगलचा (काटकोनी लोखंडी पट्टीचा) सांगाडा करा, चार बाय दोन फूट. चार पाय, वरची चौकट आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर खालची चौकट. मिळून साडेदहा मीटर अँगल लागेल. ५० × ५० × ५ चा मीटरला पावणेचार किलो भरतो, म्हणजे सांगाडाच चाळीस किलो. भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो, फक्त सरळ बघून घ्या. वर १८ चे दोन प्लाय एकमेकांना चिकटवून ३६ करा. तक्त्याचे पंधरा-सतरा किलो धरा. खालच्या चौकटीवर फळी टाकून वाळूची चार पोती, प्रत्येकी पंचवीस किलो. व्हाइससकट सगळं मिळून १६५ किलोच्या पुढे जातं. दोन फूट रुंदीवर त्याचा प्रतिकार पन्नासच्या आसपास. आता करा तीसशी तुलना.

पोती प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग गोणीत बांधा. नाहीतर वाळूचा कण स्क्रूत जातो आणि स्क्रू खातो.

तिसरा_मजला (ठाणे) | रविवार, रात्री ९:२०

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. दीडशे किलोचं टेबल बाल्कनीत ठेवू शकत नाही, आणि खाली एक आजी राहतात, त्यांना आवाजाचा फार त्रास होतो. पण छोटी कामं करायची फार इच्छा आहे. कुलपाच्या किल्ल्या घासणं, पितळी बिजागऱ्या, मुलाच्या खेळण्यांचे आस. काही मार्ग आहे का?

किनारपट्टी (रत्नागिरी) | सोमवार, सकाळी ११:१५

आहे. मी तांब्या-पितळेचे दागिने आणि छोटी शिल्पं करते. पहिली चार वर्षं मीही भाड्याच्या घरातच होते.

सागवानाची किंवा चांगल्या कठीण लाकडाची दोन इंच जाड फळी घ्यायची, साधारण फूट बाय दीड फूट. तिच्यावर तीन इंची व्हाइस आरपार बोल्टने बसवायचा. बोल्टची डोकी खालून खोबणीत बुडवायची, म्हणजे फळी सपाट टेकते. खाली एक आडवी पट्टी ठोकायची, ती जेवणाच्या टेबलाच्या किंवा ओट्याच्या कडेला अडते. मग दोन जी-क्लॅम्पने आवळायचं. काम झालं की सगळं उचलून पलंगाखाली. फळीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर चिकटवा, आजींचा त्रास बराच कमी होईल. मात्र त्याच्यावर ठोकाठोकी करू नका, वाकवाकवी तर नकोच. कानस, करवत, पॉलिश एवढंच.

आणि एक गोष्ट या धाग्यात अजून कोणी लिहिली नाही. व्हाइसच्या पट्ट्यांना दात असतात. पितळ किंवा ॲल्युमिनियम थेट धरलं की त्या दातांचा ठसा कायमचा उमटतो. माझं पहिलं मोठं काम, एक पितळी समई, अशीच खराब झाली. तिच्या दांडीवर चौकटीचौकटीचा ठसा उमटला. कितीही घासला तरी दिवा लावला की प्रकाशात दिसतो. ती समई मी विकली नाही. अजून देवघरात आहे.

त्यानंतर मी तांब्याच्या दीड मिलिमीटर पत्र्याचे दोन तुकडे काटकोनात वाकवून जबड्यांवर टोप्यांसारखे बसवले. पत्रा आधी लालबुंद करून पाण्यात बुडवला की मऊ होतो आणि जबड्याच्या आकारात नीट बसतो. आयटीआयवाले यांना व्हाइस क्लॅम्प म्हणतात. लोखंडकाम करणाऱ्यांना ॲल्युमिनियमचा अँगल पुरतो, जबड्याच्या लांबीचे दोन तुकडे कापले की झालं. आट्यांचा बोल्ट धरायचा असेल तर त्याला जुन्या चपलेचं चामडं गुंडाळा, आटे शाबूत राहतात.

आमच्याकडे पावसात लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी रोज काम संपल्यावर व्हाइसवर मशीन ऑइलचा हात फिरवते. जबडे कधीही आवळून ठेवत नाही, बोटभर फट ठेवते. बंद जबड्यांत ओल अडकते.

जुना_फिटर | सोमवार, दुपारी १२:४०

ताई, चामड्याचं अगदी बरोबर. आम्ही पट्ट्याचं चामडं वापरायचो.

गॅरेज_सोलापूर | सोमवार, रात्री ८:००

टेबलच कशाला? हायवेवर कुठल्याही गॅरेजात बघा. ट्रकची जुनी रिम जमिनीवर आडवी, तिच्यात मधोमध चार इंची जाड पाइप उभा वेल्ड केलेला, पाइपात वाळू ठासून भरलेली, वर दहा मिलिमीटरची प्लेट आणि त्यावर व्हाइस. चारही बाजूंनी फिरता येतं, लांब पाइप धरला तरी कुठे अडत नाही. ट्रकच्या दोन रिम एकावर एक वेल्ड केल्या तर हलवायला दोन माणसं लागतात. काम नसलं की कडेवर कलवून गडगडत भिंतीला नेता येतो. पडवी लहान असेल तर हेच करा. माझा गेली अकरा वर्षं असाच आहे. त्यावर स्प्रिंगच्या पिना ठोकून काढतो.

वडिलांच्या काळात गावात लोहाराचा शेगडा (म्हणजे व्हाइसच) बाभळीच्या ओंडक्यावर असायचा. ओंडका दोन-अडीच फूट जमिनीत पुरलेला. शेगड्याचा एक पाय थेट जमिनीपर्यंत गेलेला, म्हणजे घणाचा घाव स्क्रूवर न येता सरळ जमिनीत उतरायचा. अंगणात माती असणाऱ्यांनी अजूनही तसं करावं.

उद्यमनगर | सोमवार, रात्री ८:३५

शेगडा हा शब्द किती वर्षांनी वाचला! आमचे आजोबा तोच म्हणायचे. आता पोरं सगळी ‘वाइस’च म्हणतात.

पिना ठोकून काढता म्हणालात म्हणून सगळ्यांसाठी लिहितो. ठोकायचं असेल तर घाव नेहमी स्थिर जबड्याच्या दिशेने बसला पाहिजे. तो थेट बेसला जोडलेला असतो. सरकत्या जबड्याकडे मारलंत तर सगळा मार स्क्रूच्या आट्यांवर आणि नटवर जातो. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या व्हाइसमध्ये सगळ्यात जास्त हेच दुखणं असतं.

गॅरेज_सोलापूर | सोमवार, रात्री ९:०५

बरोबर. मागे जी छोटी ऐरण असते तिच्यावरसुद्धा हलकंच ठोकायचं. बिडाच्या व्हाइसवर घण घातला तर मागचा भाग तुटून हातात येतो.

सायकलस्वार_नाशिक | मंगळवार, सकाळी ७:५०

फिरत्या बेसबद्दल कोणीच स्पष्ट बोललं नाही. मला तो हवाच. सायकलची फ्रेम, हँडलबार, फोर्क, प्रत्येक वेळी वेगळा कोन लागतो. पक्का व्हाइस घेऊन एक वर्ष वैतागलो, मग बदलला.

जुना_फिटर | मंगळवार, सकाळी ८:४५

सायकलवाल्यांसाठी तुमचं म्हणणं मान्य. पण फिरता बेस म्हणजे मधे आणखी एक सांधा. त्याचे दोन बोल्ट कितीही आवळा, जोराचं वाकवताना तो किंचित सरकतोच. शिवाय उंची वाढते, म्हणजे उलटवणारा जोरही वाढतो. कानस मारताना माझ्या हाताला तो फरक लगेच कळतो, टोकाला कामाची थरथर वाढते. टेबलाच्या कोपऱ्यावर पक्का व्हाइस बसवा आणि तुम्ही स्वतः दोन बाजूंनी फिरा. माझी निवड पक्काच राहील.

सायकलस्वार_नाशिक | मंगळवार, सकाळी ९:३०

काका, तुमच्या हाताला कळतं ते माझ्या हाताला कळणार नाही. पण फोर्क उलटा करून धरायचा असतो तेव्हा मला फिरून भागत नाही, आमचं टेबलच भिंतीला लागून आहे. या बाबतीत आपण दोघंही आपापल्या जागी राहू.

लेस्टरहून (इंग्लंड) | मंगळवार, रात्री ११:५५

नवा घ्यायच्या आधी जुना बघा असं सुचवतो. इथे रविवारी लोक मैदानात गाड्यांच्या डिक्क्यांतून जुनं सामान विकतात. तिथे मला शेफील्डला बनलेला निळा ‘रेकॉर्ड’ मिळाला, ३ नंबरचा, म्हणजे चार इंची. गंजलेला होता. रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवला, तारेच्या ब्रशने घासला, नवं ग्रीस भरलं आणि असा काही गुळगुळीत चालतो! पुण्याला बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच. लहानपणी वडिलांबरोबर जायचो तेव्हा तिथे व्हाइस रांगेने मांडलेले असायचे. मी एकदा चीर गेलेलाही घेऊन फसलो आहे, म्हणून नीट तपासून घ्या.

उद्यमनगर | बुधवार, सकाळी १०:२०

चीर शोधायची आमच्या फाउंड्रीतली जुनी रीत सांगतो, घरात करता येते. संशय असेल तिथला रंग खरवडा. रॉकेल लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. मग फडक्याने अगदी कोरडं पुसा. वर खडूची पूड पातळशी चोळा आणि हातोडीने हलकेच टकटक करा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडू ओला करतं आणि केसासारखी गडद रेघ उमटते. स्थिर जबडा जिथे बेसला मिळतो तो कोपरा आणि नटभोवतीचा भाग, या दोन जागा आधी बघा.

रंगाखाली पिवळी रेघ दिसली तर तिथे पितळेचा डाग दिलाय, म्हणजे व्हाइस एकदा तुटून जोडलेला आहे. हलक्या कामाला तो चालेलही, पण किंमत निम्म्याहून खाली पाडा.

नवशिका_कारागीर, तुमच्या जुन्या व्हाइसच्या बेसला चीर गेलीय ना? तो फेकू नका. वरचा भाग शाबूत असेल तर फिरणारा बेस काढून टाका आणि जाड प्लेटवर सरळ बोल्ट करा. मग तो पक्काच झाला.

नवशिका_कारागीर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:१५

झालं! आणि उद्यमनगर दादांचं ऐकलं, नवा व्हाइस घेतलाच नाही. खडूची रीत आधी करून बघितली. चीर फक्त फिरणाऱ्या बेसमध्ये होती, वरच्या भागात काहीच नव्हतं. खडूवर ती काळी रेघ उमटताना बघायला मुलगी मांडी घालून बसली होती. तिने मग घरातल्या बिडाच्या तव्यावरही तेच केलं. तवा शाबूत निघाला.

बेस काढला. वर्कशॉपवाल्याने १२ मिलिमीटरची प्लेट कापून, भोकं पाडून दिली. सांगाडा भंगारातल्या ५०च्या अँगलचा, काकांच्या मापाने. प्लेटपासून जबड्याच्या कडेपर्यंत १६ सेंटिमीटर भरले, म्हणून तक्ता ९० सेंटिमीटरवर घेतला. हनुवटीखाली मूठ धरली तर कोपर बरोबर टेकतं. एम१० चे चार बोल्ट, ८.८ शिक्क्याचे, खाली ६ ची प्लेट. व्हाइस पुढच्या डाव्या पायावर. वाळूची चार पोती आहेत. एकूण खर्च सहा हजार आठशे.

काल तोच २५ × ६ चा फ्लॅट पुन्हा धरला. आधी टेबलासमोर चार पावलं मोकळी केली, मुलीला आत पाठवलं, बूट घातले. पाइप घातला आणि ओढला. फ्लॅट वाकला. टेबलावर चहाचा कप मुद्दाम ठेवला होता, त्यातला चहा थोडा हलला, बाकी काही नाही. कडी आज फाटकाला लावली.

एक अडचण आहे. तोंडाच्या एका बाजूला, समजा डावीकडे, छोटा तुकडा धरला की जबडा तिरका होतो आणि तुकडा निसटतो. हे माझ्या व्हाइसचं दुखणं आहे का?

जुना_फिटर | रविवार, संध्याकाळी ७:००

शाब्बास. फोटो बघितला, सळई कडेवरून सरळ खाली जातेय. छान केलंत.

तुकडा निसटतो त्यात दुखणं काही नाही, सगळ्या व्हाइसचं असंच होतं. स्क्रू मधोमध असतो आणि तुम्ही एका टोकाला धरता. उजवीकडे तेवढ्याच जाडीचा दुसरा तुकडा धरा, जबडे समांतर राहतील. ३, ५, ६, ८, १०, १२ मिलिमीटरच्या फ्लॅटचे बोटभर तुकडे कापून, जाडी पंच करून, एका तारेत ओवा आणि व्हाइसच्या शेजारी टांगा.

दोन आठवड्यांनी बोल्ट पुन्हा आवळायला विसरू नका. खंडेनवमीला हळदकुंकू वाहाल तेव्हा स्क्रू पूर्ण बाहेर काढून, जुनं ग्रीस पुसून नवं भरा. आमच्या शॉपमध्ये झेंडूची माळ त्यानंतरच चढायची.

नवशिका_कारागीर | रविवार, संध्याकाळी ७:१२

तुकडे कापायला घेतोय. मुलगी पंच मारायला मागतेय, तिला चष्मा आणि बूट घालून उभी करतो.